गाईचे मागचे पाय

मोरकंब,
नोव्हेंबरची अखेर

प्रिय सिरिल,

उशीर झाला, मला माहीत आहे. वसंतात तुला तो मेंदूचा झटका आला आणि मी लिहायला बसतोय नोव्हेंबर संपताना. याबद्दल मला काय म्हणायचं ते मनातल्या मनात म्हणून घे. तोंडानं म्हणायला गेलास तर भलतंच काही बाहेर पडतं, असं वेंडी सांगत होती. मी लिहिणारच होतो. आधी शाई सापडेना. मग टेबलावर उजेड पुरेना म्हणून टेबल खिडकीशी ओढलं, तर कंबर धरली. आणि हल्ली कागद कसले करतात कोण जाणे, त्यावरच्या रेघा इतक्या फिकट की असून नसल्यासारख्या. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर कागदवाल्यांना शिव्या दे, मला नको. आणि वेंडी, पोरी, हे तू त्याला वाचून दाखवते आहेस, तर मधलं काही गाळू नकोस. बापाला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच नको. त्याला वाईट वाटावं म्हणूनच मी लिहितोय.

मागच्या रविवारी वेंडीचा फोन आला. तिच्या नवऱ्याची कॅनडाला बदली झालीय, नाताळाआधी निघायचंय, लंडनचं घर विकलं गेलंय, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडला आहेस. कॅनडा म्हटलं की नाही म्हणून मान हलवतोस. म्हाताऱ्या नटांसाठी ते घर आहे ना बागेतलं, ते म्हटलं की पांघरूणच डोक्यावरून घेतोस. रडवेली झाली होती रे ती. म्हणाली, "आल्फकाका, त्यांनी चमचा मागायला तोंड उघडलं आणि खिडकी मागितली. मी हसले नाही, खरंच हसले नाही. पण तेव्हापासून ते एक शब्द बोलत नाहीत. तुम्ही काहीतरी सांगा, तुमचं ते ऐकतात." माझं ऐकतोस! उभ्या जन्मात एकदा तरी ऐकलंयस? मी तिला म्हटलं, "पोरी, मी त्याच्या मागं होतो. मी त्याचं ऐकायचं असा करार होता, त्यानं माझं ऐकायचं असा नव्हता." तिला वाटलं असेल, या म्हाताऱ्याचंही डोकं गेलं.

म्हणून सरळ सांगतो. इथं ये. खालची पुढची खोली रिकामी आहे, माझी बायको एडना गेल्यापासून तिथं फक्त शिवणाचं मशीन बसून असतं. खिडकीतून खाडी दिसते, ओहोटीला वाळूच वाळू, तुला हवी तेवढी भिंतीसारखी सपाट. ये आणि तिच्याकडे तोंड करून बस. आता "नाही" म्हणून मान हलवलीस ना? मला इथून दिसतंय. कपाळाला हात लावून बसलोय मी. तुझा हा हट्टीपणा आजचा नाही, पहिल्या दिवसापासूनचा आहे, आणि त्या दिवसाची तुला आठवण द्यायला मला मागं जावं लागणार. मागं जाणं हेच माझं काम.

ओल्डहॅमच्या गिरणीतून नुकतेच काढलेले दोन पोरगे आपण, नाव लिहिण्यापलीकडे शाळा नाही, आणि नाताळातलं मुलांचं नाटक बसवणाऱ्या क्लेगबाईंना गाय हवी होती. गाईच्या कातड्यात दोन माणसं लागतात. पुढचा उभा राहतो, मुंडक्याच्या फटीतून बघतो, दोऱ्या ओढून पापण्या मिटतो. मागचा त्याच्या कमरेला धरून वाकलेला, अंधारात, नाकासमोर पुढच्याची पाठ. तुझी मान लांब म्हणून तू पुढं आणि माझं काहीच लांब नाही म्हणून मी मागं. आत गोंदाचा आणि जुन्या घोड्याच्या केसांचा वास. मला काही दिसायचं नाही, म्हणून तू हात मागं आणून माझं मनगट दाबायचास. एकदा दाबलंस की थांब, दोनदा दाबलंस की चल. बस, एवढ्यावर तीन नाताळ आपण रंगमंचावर चाललो, नाचलो, उतरणीवरून उतरलो, आणि एकदाही पडलो नाही. लोक लग्नं करून इतकं नीट चालत नाहीत.

आणि ती शिट्टी? नाटकगृहात शिट्टी वाजवायची नसते हे चहावालीलाही माहीत. वर दोरांवर जुने खलाशी, ते शिट्टीच्या खुणेनं पडदे सोडायचे, एखाद्यानं उगाच वाजवली की कुणाच्या डोक्यावर राजवाडा पडायचा. आपण कातडं चढवून आत जायला उभे, आणि तू घाबरून मुंडक्यात शिट्टी वाजवायला लागलास. क्लेगबाई अंगावर धावून आल्या. "बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर! तीन फेऱ्या मार, दार ठोठाव, आणि आत येऊ का म्हणून विचार." रीतच ती, ज्यानं वाजवली त्यानं भोगायचं. पण गाय एक, म्हणून मीही निघालो. बाहेर गारा आणि पाऊस एकदम. रस्त्यात गाय तीनदा फिरली, कोळशाच्या गाडीचा घोडा बुजला, गाडीवाल्यानं आपल्या दोघांच्याही आयांचा उद्धार केला. आणि फेऱ्या झाल्यावर तू दार ठोठावेनास! आतून मला म्हणतोस, "मी विचारणार नाही. त्या बाईला गरज असेल तर ती बोलावेल." मी म्हणतोय, "अरे गाढवा, आत वाद्यं सुरू झाली." तू म्हणतोस, "गाय आहे मी, गाढव नाही." आणि रुसून रस्त्याकडे तोंड करून उभा. मग काय करणार? तू रस्त्याकडे तोंड केलंस म्हणजे दार माझ्या बाजूला आलं. मी मागच्या पायानं अशी लाथ हाणली की कडी निसटली. आणि ओरडलो, "येऊ द्या हो आत, थंडीनं मेलो!" क्लेगबाई दार उघडून म्हणाल्या, "आजवर तोंडानं माफी मागणारी जनावरं पाहिली. ही पहिलीच शेपटीकडून बोलतेय." त्या हसल्या म्हणून वाचलो.

त्याच दिवशी बाजारात गाय विकायचा प्रवेश होता. धन्यानं दोरी दुसऱ्याच्या हातात दिली आणि तू मान वळवलीस. एवढंच केलंस, हळूच मान वळवलीस आणि एक पापणी मिटलीस. मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. अख्खं थिएटर गप्प झालं आणि मग गिरणीतल्या त्या दांडगट बाया हुंदके द्यायला लागल्या. एक पोरगी ओरडली, "विकू नका हो तिला!" तुझी पाठ तेव्हा थरथरत होती, माझ्या कपाळाला लागत होती ती. तेव्हाच मला कळलं की तू गिरणीत परत येणार नाहीस.

आलाच नाहीस. मी आलो, मग इथं समुद्राकाठच्या नाटकगृहात पडद्यांचे दोर ओढत राहिलो, आणि तू गावोगाव दर आठवड्याला नवं नाटक करत फिरलास. चेहरा असा की पंचविशीतच तुला सत्तरीचे आजोबा देत होते. एडना म्हणायची, "सिरिल तरुण कधी होणार?" पुढं सिनेमा आला. त्यात काय काय झालास तू! बटलर झालास, स्टेशनावरचा हमाल झालास, पाद्री झालास, थडगी खणणारा झालास. आणि मरायचास तरी किती लवकर! आम्ही तिकीट काढून, मिठात घोळवलेली बटाट्याची कापं घेऊन बसायचो, अजून पुडा उघडायचाय तर तू चहाचा ट्रे ठेवून जिन्यावरून खाली. एडना म्हणायची, "चला, झालं, आता घरी गेलं तरी चालेल." सिनेमावाल्यांचा मला अजून राग आहे. खुनी कोण हे तुला माहीत असायचं, म्हणून तुलाच आधी मारायचे. एखाद्या वेळी न सांगता जगला असतास तर काय बिघडलं असतं?

आणि तो मोठा नट, तो आजारी पडलाच तर ज्याच्या जागी उभं राहायला तुला दोन हंगाम पाठीशी ठेवलं होतं! रोज दुपारी कच्चा कांदा खायचा आणि त्याला साधी शिंकही यायची नाही. तू मला पत्रात लिहायचास, आज त्याचा चेहरा लाल वाटला, उद्या बहुतेक. उद्या तो आणखी लाल होऊन उभा. शेवटी लीड्सला त्याचा पाय मुरगळला. तुझी तार आली, मी आणि एडना धावत गाडी पकडून आलो, आणि पाहतो तर काय, तुझा आवाज बसलेला! घाबरूनच बसला होता, तू कितीही धुकं धुकं म्हणालास तरी. मला वाटलं, डोकं आपटावं भिंतीवर. पण तू गेलास रंगमंचावर. ओठ हलत होते, निम्मं ऐकू येत नव्हतं. शेवटच्या रांगेतला माणूस पुढं वाकला, मग त्याच्या पुढचा वाकला, सगळं थिएटर तुझ्याकडे वाकून बसलं होतं. माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही श्वास जरा हळू घ्या हो." दुसऱ्या दिवशी तो कांदेवाला लंगडत परत आला. पण मी तो प्रयोग पाहिलाय. म्हणून तुझं हे शब्दांचं रडगाणं मला सांगू नकोस. शब्द तुझे होते कधी? "होय, महाराज," "घोडे तयार आहेत," "त्या खोलीत जाऊ नका, साहेब." एवढ्यावर तू जन्म काढलास आणि लोक तुला ओळखत होते ते मानेवरून, पाठीवरून, दार लावायच्या तऱ्हेवरून. चमच्याला खिडकी म्हणालास तर आभाळ कोसळलं? आमच्या पिलिंगबाईंना विचार, त्या धडधाकट असून रोज काहीबाही म्हणतात.

पिलिंगबाई म्हणजे माझ्या शेजारच्या. टीव्हीवरच्या त्या मालिकेत तू खानावळवाला होतास तोवर त्या मला रोज विचारायच्या, "तुमचा मित्र त्या विधवेशी लग्न करणार का नाही?" जणू तू मला कळवूनच वागत होतास. आणि ज्या आठवड्यात तुला दुधाच्या गाडीखाली घातलं, काळी शाल घेऊन त्या दारात उभ्या, हातात मटण-बटाट्याचं भलंमोठं भांडं. "ग्रिमशॉ, मन घट्ट करा." मी म्हटलं, "बाई, काल रात्री तो फोनवर माझ्याशी बोललाय." त्या म्हणाल्या, "असं वाटतं सुरुवातीला. आमचे हे गेले तेव्हा मलाही वाटायचं." ते भांडं आम्ही दोन दिवस खाल्लं. मी तुला तेव्हाच लिहिलं होतं, असाच अधूनमधून मरत जा. आता त्या वाक्याची मला शिसारी येते.

परवाच्या रविवारी दुपारी तुझा एक जुना सिनेमा दाखवला. नायक कोण होता विचारशील तर सांगता येणार नाही. हल्ली ह्या नायकांना चेहराच नसतो. पण तू दाराशी ट्रे घेऊन उभा होतास ते मी ओळखलं, वजन डाव्या पायावर टाकलं होतंस. तीन नाताळ ती कंबर धरली होती मी, मला शिकवू नका.

तू येशील तेव्हाची काळजी मला आत्तापासून आहे. लँकेस्टरला गाडी बदलावी लागते आणि तिथले हमाल कुणाकडे बघत नाहीत. वेंडीनं बरोबर यावं, तुला एकट्याला पाठवू नये. तुझं अंथरूण खिडकीच्या बाजूला की दाराच्या, हे ठरत नाहीये. खिडकीशी वारा लागतो आणि दाराशी पिलिंगबाई. चहा मी करीन, पण गेल्या आठवड्यात दुकानदारानं साखर आणि मीठ एकसारख्या डब्यांत दिलं आणि माझा सबंध दिवस खारट गेला. किटल्याही पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, पाणी आटलं तरी गप्प बसतात, दोन जळाल्या. बसवरचे आकडे तर इतके बारीक करून ठेवलेत की मी बाजारासाठी निघालो आणि हेशमच्या धक्क्यावर उतरलो. कुणाला म्हणून बोल लावावा? सगळा देशच ढिला पडलाय.

वेंडी, पोरी, आता हे जरा सावकाश वाच. नगरपालिकेची एक बाई यायला लागलीय. गोड बोलते. जळलेली किटली उचलून बघते आणि म्हणते, "मिस्टर ग्रिमशॉ, तुम्ही एकटं राहू नये असं आम्हाला वाटतं." आम्हाला म्हणजे कुणाला, ते सांगत नाही. नाताळनंतर परत येणार आहे, आणि तेव्हा घरात दुसरं कुणी नसेल तर मला कुठं नेतील ते मी जाऊन पाहून आलोय. तिथं खिडकीला समुद्र नाही. सिरिल, कागदाचा दोष नाही. रेघा चांगल्या ठळक असणार. मी एडनाची विणायची सुई कागदावर आडवी धरून तिच्या काठाकाठानं लिहितो, ओळीओळीला थांबत, म्हणून उशीर झाला. लँकेस्टरचा डॉक्टर म्हणाला, डोळ्यांचं मधलं गेलं, कडेचं राहील. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं आणि बाजूचं दिसतं. म्हणून नायक दिसला नाही आणि तू दिसलास. आयुष्यभर तुला कडेला उभं केलं म्हणून मी जळफळलो, आणि आता कडेलाच तेवढं दिसतं. कुणाला सांगितलेलं नाही, पिलिंगबाईंनाही नाही. तुला सांगतोय, कारण तुला दिसतं आणि बोलता येत नाही, मला बोलता येतं आणि दिसत नाही. दोघांची मिळून अजून एक गाय होते रे. पुढं चालायला मला कुणीतरी हवंय. तू भिंतीकडे तोंड केलं आहेस म्हणजे दार परत माझ्याच बाजूला आलं. हे पत्र म्हणजे ती लाथ समज. आता एवढंच कर, वेंडीचा हात धर. एकदा दाबलास तर थांब, मी समजेन, पुन्हा विचारणार नाही. दोनदा दाबलास तर चल. आणि वेंडी, तो काय करेल ते पत्रानं नको कळवूस, पत्र मला पिलिंगबाईंकडून वाचून घ्यावं लागेल. फोन कर. आजच कर, हा कागद खाली ठेवल्या ठेवल्या. मी फोनच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलोय.

तुझेच,
मागचे पाय
(आल्फ)